नदीचा वाटा : सावित्रीकाठच्या शिकारीच्या रानाची हकीकत

शिकारीचा इतिहास म्हटला की राजेरजवाडे, गोरे साहेब, हत्तीवरचे हौदे आणि दिवाणखान्यात टांगलेली वाघाची मुंडकी आपल्या डोळ्यांपुढे येतात. आजचे भाषण त्या शिकारीचे नाही. ते खेड्यातल्या माणसाच्या शिकारीचे आहे. आणि त्याहीपेक्षा, ज्या जमिनीवर ती शिकार होत असे त्या जमिनीचे आहे. महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांतून सावित्री नदी वाहते. तिच्या दोन्ही तीरांना दरसाल पुराच्या पाण्याने धुऊन निघणारी एक रानपट्टी आहे. ती कोणी राखली, कोणत्या नेमाने राखली, आणि ते राखणे कधी सुटले, एवढाच प्रश्न आज आपण पाहणार आहोत. प्रश्न लहान दिसतो खरा. पण २००५ आणि २०२१ या दोन सालांच्या जुलै महिन्यांत या खोऱ्याने जे सोसले ते आठवा, म्हणजे तो लहान राहत नाही.

प्रथम नदीची ओळख करून घेऊ. महाबळेश्वरी पंचगंगेच्या देवळात पाच नद्यांचा उगम मानतात. त्यांपैकी कृष्णा, कोयना, वेण्णा आणि गायत्री या चौघी देशाकडे उतरतात. एकटी सावित्री कोकणची वाट धरते. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साडेचार हजार फूट उंच. तिथून सुटलेले पाणी पोलादपूरच्या खोऱ्यात उतरते आणि थोडक्याच मैलांत, महाडपाशी, समुद्राच्या भरतीला भेटते. पुढे दासगाव आणि मग बाणकोटची खाडी. म्हणजे वर कडा, खाली भरती, आणि मधे दम घ्यायला जागा थोडी. त्यातच रायगडाच्या अंगाने वळसे घेत येणाऱ्या काळ आणि गांधारी या दोन नद्याही याच परिसरात सावित्रीला मिळतात. घाटमाथ्यावर पाऊस कोसळत असावा आणि त्याच वेळी खाडीला उधाण असावे, म्हणजे आलेल्या पाण्याला पुढे वाटच उरत नाही. ते मागे फुगते आणि आडवे पसरते.

हे पाणी जिथे जिथे पसरते ती जमीन म्हणजे नदीची जमीन. सातबारा कोणाच्याही नावावर असो, पावसाळ्यातले काही दिवस ती नदीच्याच वहिवाटीत असते. जुन्या लोकांना हे ठाऊक होते. म्हणून गावे बहुधा काठापासून हटून, उंचवट्यावर वसत. भातखाचरे खाली असत, घरे वर असत. आणि खाचरे व पाणी यांच्या मधे एक पट्टी तशीच पडून राही. तिथे उंबर, करंज, जांभूळ, निगडी आणि वाळुंज वाढे. पाण्याच्या कडेला लव्हाळे माजे. नदीच्या पात्रातही गाळाची, गोट्यांची बेटे तयार होत. इकडे त्यांना जुटे म्हणतात. या पट्टीत कायमची शेती होणे शक्य नव्हते, कारण पूर एका वर्षी मळई आणून टाकी आणि दुसऱ्या वर्षी तीच खरवडून नेई. शेतीला जी जमीन नकोशी, तीच जनावराला हवीशी. पूर मोठी झाडे उपटतो. पण गवत, झुडूप आणि कोवळा पाला दरसाल नवा करतो. आडोसा, चारा आणि पाणी या तिन्ही गोष्टी जिथे जवळजवळ मिळतात, तिथे जनावर राहते. शिकारीचे रान म्हणतात ते दुसरे काय?

या पट्टीत दिवसा रानडुक्कर पडून राही आणि रात्री खाचरात उतरे. डोंगरातले भेकर उन्हाळ्यात पाण्यावर येई. ससा, साळिंदर, रानकोंबडा इथे सापडे. डोहात पाणमांजरे खेळत. वाळूवर मगर ऊन खात पडे. जुनी माणसे तिला सुसर म्हणतात. या सर्वांच्या मागावर बिबट्या असे, आणि एके काळी वाघही होता. तेव्हा शिकारीचे रान आणि शेतीची जमीन अशा दोन वेगळ्या वस्तू या खोऱ्यात नव्हत्या. एकाच बांधाच्या त्या दोन बाजू होत्या.

आता या रानाचे वर्ष कसे चाले ते पाहा. मृगाचा पाऊस पडला, ओढे वाहू लागले, की मासे उलटे चढतात. त्याला वलगण म्हणतात आणि त्या माशांना चढणीचे मासे. नदीतून ओढ्यात आणि ओढ्यातून भाताच्या खाचरात शिरून ते अंडी घालतात. गावातली लहानथोर माणसे तेव्हा जाळी, टोपल्या, हाताला लागेल ते घेऊन पाण्यात उतरतात. मग आषाढ-श्रावणात नदी भरून वाहते. लावणी, बेणणी यांतून कोणाला उसंत नसते. रान गच्च वाढलेले, वाटा बुडालेल्या, ठासणीच्या बंदुकीची दारू ओली. शिकार आपोआप बंद! पुढे सरकारने कायद्याने शिकारीचा बंद हंगाम ठरवला. इथे तो पूर्वीपासून पावसानेच ठरवून ठेवला होता. याच चार महिन्यांत पुष्कळ पशुपक्ष्यांची पिले वाढीला लागतात, हे लक्षात घेतले म्हणजे या बंदीची किंमत कळते.

भात पोटरीला आले की राखण सुरू होई. शेतात माळा बांधून, डबे वाजवून, गोफण फिरवून, आगट्या पेटवून रात्र काढायची. पुढे त्याच खाचरांत ओलीवर वाल, हरभरा होई, त्यालाही राखण लागे. ही अर्धी राखण आणि अर्धी शिकार असे. आणि शिमग्याच्या दिवसांत, गवत वाळून रान मोकळे झाले म्हणजे, कोकणात गावोगाव पारध निघे. निम्मे गाव हाका घालायला, चार बंदूकवाले मोक्याच्या जागी बसलेले, आणि बरोबर कुत्री. मारलेल्या जनावराचे वाटे पडत. हाका घालणाऱ्यालाही वाटा मिळे. कोणत्या रानात शिरायचे आणि कोणत्या रानात पाऊल टाकायचे नाही, हे वडीलधारी मंडळी आधी सांगत.

पाऊल टाकायचे नाही ते रान म्हणजे देवराई. देवाच्या नावाने सोडलेल्या त्या रानात कुऱ्हाड नाही आणि बंदूकही नाही. आपले शास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० नंतरच्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांची पाहणी केली. त्या वेळी आपल्या जिल्ह्यातल्या, श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावाने आपली देवराई तोडीपासून वाचवावी म्हणून त्यांच्याकडे धाव घेतली होती. गावकऱ्यांचे कारण ऐकण्यासारखे होते. राई तुटली तर बारमाही वाहणारा ओढा आटेल, असे त्यांचे म्हणणे. म्हणजे देवाच्या धाकामागे पाण्याचा हिशेब होता.

देवराई जशी रानातली, तसा देवाचा कोंड नदीतला. कोंड म्हणजे खोल डोह. महाड तालुक्यात बिरवाडीच्या पुढे काळ नदीवर वाळण कोंड आहे. काठी वरदायिनी देवीचे ठाणे आहे आणि डोहात महाशीर जातीचे मासे आहेत. हे मासे देवीचे. त्यांना कोणी गळ लावीत नाही, जाळे टाकीत नाही; उलट आलेगेले लोक त्यांना खाऊ घालतात. पाहणाऱ्याला वाटते, ही एक भोळी श्रद्धा आहे. पण नदीच्या बाजूने विचार करा. फाल्गुन-चैत्रात कोकणातल्या नद्यांची धार तुटते. पात्र गोट्यांनी भरलेले दिसते आणि पाणी उरते ते फक्त अशा खोल डोहांत. सगळ्या नदीतले मोठे, अंड्यावर येणारे मासे तेव्हा डोहात गोळा होतात. तिथे एक जाळे टाकले तर एका दिवसात नदी रिकामी होईल. तिथे जाळे टाकले नाही, तर पहिल्या पुराबरोबर हेच मासे वर चढतील, वाहत्या स्वच्छ पाण्यात गोट्यांवर अंडी घालतील, आणि मैलोगणती नदी पुन्हा भरेल. एक डोह राखून सगळ्या नदीची शिकार राखायची, ही युक्ती आहे. शिक्षक बंधुभगिनींनी मुलांना ती जरूर समजावून सांगावी. बियाण्याचे भात कणगीत वेगळे काढून ठेवतात, त्यातलाच हा प्रकार.

या नेमांना मागे मोठी परंपरा आहे. कोकणातच सोपारा येथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा एक तुकडा सापडला. तो आठव्या लेखाचा आहे. पूर्वीचे राजे करमणुकीच्या यात्रांना जात, त्यांत शिकार असे. आपण मात्र धर्मयात्रा सुरू केली, असे अशोक त्या लेखात सांगतो. राजाने शिकार सोडल्याचा हा जाहीरनामा कोकणच्या बंदरात दगडावर कोरून ठेवला होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. उत्तरेकडच्या त्याच्या पाचव्या स्तंभलेखात तर आणखी बारकावा आहे. कोणते प्राणी मारू नयेत याची यादी त्यात आहे. विनाकारण वणवा लावू नये असे सांगितले आहे. आणि ठरावीक तिथींना हत्तींच्या रानात व कोळ्यांच्या राखीव पाण्यात जीव मारू नये अशी ताकीद आहे. म्हणजे राखीव रान आणि राखीव पाणी या कल्पना बावीसशे वर्षांपूर्वीच्या आहेत. पुढे बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. त्यात मृगया आणि मासेमारी या दोन्हींवर स्वतंत्र प्रकरणे आहेत. तेव्हा आपल्याकडे शिकार हा नुसता दांडगावा नव्हता. त्याचे शास्त्र होते.

शिवकाळात या खोऱ्याला निराळेच महत्त्व आले. सावित्रीच्या वरच्या अंगाला जावळीचे रान. चंद्रराव मोऱ्यांचे सारे बळ त्या रानात होते. १६५६ साली शिवाजीमहाराजांनी जावळी घेतली, रायरीही घेतली, आणि १६५९ साली प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाच्या फौजेची जी वाताहत झाली तिला तेच रान कारण झाले. किल्ल्याच्या घेऱ्यातली झाडी वाढवावी, तिथली काठीसुद्धा तोडू देऊ नये, असा विचार रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त पुढे नमूद झाला आहे. आंबा-फणसासारखी झाडे रयतेने लेकरासारखी वाढवलेली असतात, त्यांना हात लावू नये, हेही त्यात आहे. इथे रान राखण्याचे कारण शिकार नव्हते, राज्यरक्षण होते. पण रान राखले म्हणजे जनावर राखले जाते, आणि डोंगराची माती राखली जाते. एका नेमाने तीन कामे झाली.

मात्र जुने ते सारे सोने, असे समजण्याचे कारण नाही. गावाच्या सामाईक गोष्टींत सगळ्यांचा वाटा सारखा नव्हता. नेम ठरवणारे थोडे आणि तो पाळणारे पुष्कळ, असा प्रकार होता. हाका घालायला सगळी आळी लागे, पण मानाचा वाटा ठरलेल्या घरी जाई. आणि पाण्याचे काय होते, ते महाडइतके दुसरे कोणते गाव सांगेल? सार्वजनिक चवदार तळ्याचे पाणी भरण्याचा हक्क मिळावा म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना २० मार्च १९२७ रोजी हजारो लोकांसह त्या तळ्यावर जावे लागले. तेव्हा सामाईक रान आणि सामाईक पाणी राखण्याची गोष्ट करताना, ‘सामाईक’ या शब्दात कोण कोण येतो, हा प्रश्न आपण आधी विचारला पाहिजे.

आता इंग्रजी अमलाकडे वळू. १८७८ हे साल या गोष्टीत महत्त्वाचे. त्या एका वर्षात दोन कायदे झाले. एक जंगलाचा आणि दुसरा हत्यारांचा. पहिल्याने जंगले राखीव करण्याचा अधिकार सरकारला मिळाला. दुसऱ्याने बंदुकीला परवाना लागू लागला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत याचा मोठा बोभाटा झाला. भाताचे तरवे भाजायला डोंगरातून राब आणावा लागतो. तो तोडायचा कोणी आणि किती, यावरून रयत व जंगलखाते यांत तंटे सुरू झाले. ते इतके वाढले की १८८५ साली मुंबई सरकारला त्यासाठी एक चौकशी समिती नेमावी लागली. काताच्या धंद्यावर आणि रानातल्या पारधीवर पोट भरणारा कातकरी तर दोन्ही बाजूंनी अडला. कालपर्यंत जे त्याचे घर होते, तिथे तो आता गुन्हेगार ठरू लागला.

शिकारीच्या बाबतीत सरकारचे धोरण दुहेरी होते. एका हाताने वाघ-बिबट्या मारणाऱ्याला इनाम द्यायचे, आणि दुसऱ्या हाताने हरणांना व पक्ष्यांना बंद हंगामाचे संरक्षण द्यायचे. १९१२ च्या कायद्याच्या यादीत हरणे आणि ससे होते, वाघ नव्हता. १९२७ च्या जंगल कायद्याने राखीव जंगलात परवान्याशिवाय शिकार करणे, फासे लावणे, मासे धरणे आणि पाण्यात विष कालवणे हे गुन्हे ठरवले. यातले शेवटचे कलम चांगलेच होते. कुंभ्याची साल किंवा गेळफळ कुटून डोहात टाकायचे आणि गुंगलेले मासे वेचायचे, ही रीत आपल्याकडे होती. तिने लहानमोठे सारेच मासे जातात. पण हा कायदा राखीव जंगलापुरता होता, आणि नदीकाठची पट्टी बहुतेक मालकीची, खोतीची किंवा पडीक. तिच्यावर जुन्या गावकीचा धाक ढिला होत चालला होता आणि नव्या सरकारचा धाक पुरता पोचला नव्हता. बंदूक कोणाकडे आहे याची नोंद कचेरीत होती. बंदूक कुठे चालवू नये याचा नेम विसरला जाऊ लागला. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला कळीचा फरक हाच. जुना नेम जागेला लावलेला होता, नवा नेम माणसाला आणि हत्याराला लावला गेला.

जागेकडे लक्ष देऊन शिकारीची जमीन कशी उभी करता येते, याचे भारतातले नावाजलेले उदाहरण भरतपूरचे आहे. राजस्थानातल्या त्या संस्थानात गंभीर आणि बाणगंगा या नद्यांचे पुराचे पाणी अजान बंधाऱ्याने धरून सखल जमिनीत सोडत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महाराजांनी तिथे बांध-दारे घालून बदकांच्या शिकारीसाठी तळी तयार केली. कोणत्या महिन्यात किती पाणी ठेवायचे, कुठे उथळ, कुठे खोल, हे सारे आखलेले होते. त्या जागेचा दुरुपयोगही झाला. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या मेजवानीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. पण बंदुका थांबल्या तेव्हा जागा शाबूत होती. आज तिथे केवलादेव राष्ट्रीय उद्यान आहे आणि जगभरचे लोक पक्षी पाहायला येतात. आपल्या जिल्ह्यातही तसेच घडले. जंजिऱ्याच्या नवाबांचे शिकारीचे रान म्हणून जे राखले गेले, तेच फणसाड १९८६ साली अभयारण्य झाले. सावित्रीच्या काठाला मात्र ना महाराज मिळाला ना नवाब. त्याला राखणारा होता तो गाव, आणि दरसाल हद्द आखून देणारा पूर.

स्वातंत्र्यानंतर गोष्टी भराभर बदलल्या. १९४९ च्या कायद्याने खोती गेली. कसणाऱ्याला जमीन मिळण्याची वाट मोकळी झाली, हे न्यायाचेच झाले. १९५१ साली मुंबई राज्याने वन्य पशुपक्ष्यांच्या रक्षणाचा स्वतंत्र कायदा केला. त्यात शिकारीचे परवाने आणि बंद हंगाम ठरवून दिले. पण तोवर खोऱ्यातला वाघ आठवणीत जमा होत चालला होता. शेवटी १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा केंद्रीय कायदा आला, आणि पुढे त्यातूनच पारध ही गोष्ट बेकायदा ठरली. मगरीची कातड्यासाठी बेसुमार शिकार झाली होती. तिला या कायद्याने पहिल्या वर्गाचे संरक्षण मिळाले. आज सावित्रीत महाडच्या आसपास मगरी दिसतात, हे त्याचे फळ आहे.

कायद्याने जीव वाचला, यात शंका नाही. पण जागेचे काय झाले? पारध बंद झाली तसे गावाचे त्या पट्टीशी असलेले नातेही तुटले. ज्या काठाला वर्षातून एकदा तरी सगळे गाव पायांनी तुडवी, त्याच्या हद्दी, पाणवठे आणि डोह नव्या पिढीला तोंडपाठ राहिले नाहीत. मोकळी दिसणारी जागा मग कोणाला भरावाची वाटली, कोणाला वाळूची, कोणाला कचऱ्याची. काठची झाडी गेली तशी माती सुटली. डोंगरात झाड तुटले, उतार खणले गेले, आणि तोही गाळ खाली आला. ज्या डोहात जाळे टाकायला लोक भीत होते, तशा डोहांत ब्लीचिंग पावडर आणि जिलेटिन टाकणारे निघाले. रानडुकराला काठची झाडी उरली नाही, म्हणून ते सरळ खाचरात येऊन राहू लागले. मग शेतकरी म्हणतो, जनावरे वाढली. काही ठिकाणी ती वाढलीही असतील. पण पुष्कळ ठिकाणी जनावर वाढलेले नाही, त्याची जागा आटली आहे.

आणि नदी? तिने आपला वाटा सोडलेला नाही. जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यात दासगाव, जुई या गावांवर दरडी कोसळल्या आणि महाड शहर पाण्यात गेले. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री भरल्या पुरात सावित्रीवरचा जुना दगडी पूल वाहून गेला, आणि दोन एस. टी. गाड्यांसह कितीतरी माणसे गेली. २२ जुलै २०२१ च्या सुमारास महाबळेश्वरी एका दिवसात सहाशे मिलिमीटरच्या घरात पाऊस पडला. त्या दिवशी तळिये येथे दरडीखाली ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळे येथे घरे गाडली गेली. महाडच्या बाजारपेठेत पाणी किती चढले ते तिथल्या भिंतींनी पुष्कळ दिवस दाखवले. असा पाऊस पडल्यावर केवळ काठची झाडी राखून महाड कोरडे राहिले असते, असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणे ही फसवणूक होईल. पण पाणी पसरायला जागा असली, तर ते संथ पसरते. जागा नसली, तर ते दाराशी येते. एवढे तरी खरे आहे.

२०२१ नंतर सावित्रीतला गाळ आणि जुटे काढावेत अशी महाडकरांची मागणी जोराने पुढे आली आणि ते काम सुरू झाले. मागणी रास्त आहे. ज्याचे घर दोनदा बुडाले त्याला गाळाचे गुणगान कोणी ऐकवू नये. परंतु काम करताना एक भान ठेवता येते. मगर वाळूच्या उंच काठात बीळवजा खड्डा करून उन्हाळ्यात अंडी घालते. ऊन खायला तिला उतरता, शांत काठ लागतो. तो सगळाच खरवडला तर ती नाहीशी होत नाही. ती घाटाच्या पायऱ्यांशी आणि धुण्याच्या दगडाशी येते. पाण्याची मुख्य धार मोकळी करावी, आणि ज्या काठाला गाव लागून नाही तो काठ झाडीसह तसाच सोडावा. पूर चढला म्हणजे ससा, डुक्कर, साप हे सारे उंचवट्याकडे धावतात. नदी आणि गाव यांच्या मधला उंचवटा झाडोऱ्याचा असला तर ते तिथे थांबतात. उघडा असला तर ते आपल्या पडवीत येतात. म्हणून जनावरासाठी ठेवलेली जागा ही शेवटी माणसासाठीच ठेवलेली असते.

मग आज गावाने काय करावे? पारध परत आणावी, असे कोणी म्हणत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला सामूहिक हक्क दिले, पाणवठ्यांतल्या मासळीवरचा हक्कही त्यात मानला; शिकारीचा हक्क मात्र त्यातून स्पष्टपणे वगळला, आणि ते योग्यच झाले. पण त्याच कायद्याने रान, वन्यजीव आणि पाण्याचे उगम राखण्याचे काम ग्रामसभेवर सोपवले आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीने आपली लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची आहे. ही नोंदवही कपाटात पडू देऊ नका. आपल्या शिवारात देवराई कोणती, कोंड किती, मगर कुठे बसते, वलगण कोणत्या ओढ्याने चढते, २००५ आणि २०२१ साली पाणी कुठवर आले होते, हे तिच्यात लिहून ठेवा. आणि ते लिहिताना धनगर, कातकरी, कोळी आणि गावकुसाबाहेरची जुनी माणसे यांना आधी विचारा. रानाची खरी माहिती त्यांच्यापाशी आहे, आणि पूर्वी त्यांनाच विचारले गेले नव्हते.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी एक दिवस वरच्या वर्गातल्या मुलांना नदीवर न्या. पाणी आटलेले असते, वाट सोपी असते; मगरीच्या जागा मात्र टाळा आणि पाण्यात उतरू नका. पुराची खूण झाडाच्या कोणत्या फांदीवर आहे, ते मुलांना शोधू द्या. कुठल्या डोहात पाणी उरले आहे ते मोजू द्या. मग वर्गात नकाशावर एक रेघ काढा : इथवर नदीचा वाटा. शेताचा वाटा, गावाचा वाटा, देवाचा वाटा आपल्या लोकांना माहीत आहे. त्या यादीत नदीचा वाटा पुन्हा लिहिला गेला, तर पुढच्या पिढीला भेकराचे पाऊलही दिसेल आणि रात्री पाऊस वाढला म्हणजे निदान कोणत्या बाजूला जायचे, हे त्या मुलांना ठाऊक असेल.